यॉटच्या उंबऱ्याला हळद

माझे आबा माझ्या घरचं पाणी पीत नाहीत, असं सांगितलं की नव्या माणसाला वाटायचं, बापलेकीचं भांडण असेल. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता तरी येतं. आमच्याकडे लेकीला लेकरू झाल्याशिवाय आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत, एवढीच काय ती गोष्ट. आता पुष्कळांनी हे सोडून दिलंय. लेकीच्या घरी येऊन रस्सा ओरपणारे आणि वर सोफ्यावर दुपारची झोप काढणारे बाप मी आमच्याच गल्लीत बघते. पण माझे आबा त्यातले नव्हते. लग्नाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती आणि मला लेकरू नव्हतं.

आबांचं गाव सेनगावच्या पुढं. माझं सासर हिंगोलीत, नवऱ्याचं खताबियाण्याचं दुकान आहे. आबा हळद घेऊन मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात यायचे, वजनकाटा झाला की माझ्याकडे यायचे. यायच्या आधी आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून पोटभर पाणी प्यायचे, वर चहा घ्यायचे. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. तो हॉटेलवाला कळकट ग्लास तसाच पिंपात बुडवून त्यांच्यापुढं ठेवायचा आणि आबा तो घटाघटा प्यायचे. मग तोंड पुसत माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. आत यायचे नाहीत. मी म्हणायची, "आबा, ऊन किती हाय, आत तर या." ते म्हणायचे, "बरा हाय बाई इथं. वारं येऊन राहिलं." वारं कुठलं यायला, समोर सिमेंटची भिंत होती.

आई यायची ती तर पिशवीत पाण्याची बाटली घेऊनच. ती तीन वर्षांपूर्वी गेली. दवाखान्यात तिला चमच्यानं पाणी पाजलं ते मी, पण ते दवाखान्याचं. माझ्या घरचा घोट तिच्या तोंडात गेला नाही तो नाहीच. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, आबा तसे जाऊ नयेत. माझ्या हातचं, माझ्या घरचं, एकदा तरी त्यांनी घ्यावं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी मलाच सांगितलं असतं की मग लेकरू होऊ दे की, सोपं आहे.

तर त्या यॉटची गोष्ट. नवऱ्याचे दोन मित्र, दोघांचीही दुकानं त्याच्याच लायनीतली. सीझन संपला की हे तिघं बायकापोरांना घेऊन कुठंतरी जातात. त्या वर्षी कुणाच्या तरी मोबाइलवर गोव्याची यॉट आली. पांढरी शुभ्र, आत गादीचे बाक, एक छोटी खोली, मागं डेकवर बसायला जागा. दिवसभरासाठी अख्खी आपल्याला, दुसरं कुणी नाही. ज्या माणसांनी सिद्धेश्वरच्या धरणापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, ती माणसं आठवडाभर दुकानात बसून यॉटच्या लांबीरुंदीवर बोलत होती. बुकिंग माझ्या नवऱ्याच्या नावानं झालं. दहा माणसं बसतात आणि आपण नऊच आहोत, असं तो म्हणाला तेव्हा मी लगेच म्हटलं, "आबांना घेऊ."

त्याला माझ्या मनातलं कळलं असेल. सासऱ्याला तो मामाच म्हणतो. म्हणाला, "मामा येतील का?"

"समुद्र पाहिला नाही त्यांनी कधी. येतील."

मी हिशोब पक्का केला होता. आबा हॉटेलात जेवतात, धाब्यावर जेवतात, एस्टी स्टँडवरची भजी खातात. त्यांची अडचण फक्त माझा उंबरा. मग समुद्रावर कुठं आलाय उंबरा? तिथं ना भिंत, ना चूल, ना दाराला पाटी. आणि कोपऱ्यावर हॉटेलही नाही. मी रात्र जागून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. लग्नात आबांनी मला दिलेला पितळी तांब्या आणि त्याचं फुलपात्र चिंचेनं घासून पिशवीत घातलं. हा तांब्या त्यांनी स्वतः हिंगोलीच्या बाजारात वाजवून वाजवून घेतला होता आणि त्यातलं पाणी त्यांना कधी मिळालं नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, तिथं बर्फात ठेवलेल्या बाटल्या असतात." मी म्हटलं, "असू देत."

गाडीत आबा ड्रायव्हरशेजारी बसले. वाटेत सगळीकडे आमच्या बरोबरीनं जेवले, चहा प्याले. मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, "आबा, बोट म्हंजी काही कोणाचं घर नसतं बरं का."

त्यांनी जरा विचार केला. "व्हय. बराबर हाय," म्हणाले.

हे ऐकून मी पुढं कितीतरी वेळ खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसत होते. आता त्या हसण्याची मला चीड येते.

सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो. एप्रिल संपत आला होता, ऊन आठ वाजताच टोचायला लागलं होतं. आबा धोतर, पांढरा सदरा, टोपी असे तयार होऊन आले होते. पाण्याकडे बघून म्हणाले, "लई हाय." एवढंच. त्यांनी हॉटेलातून पाण्याची बाटली भरून घेतली होती, ती मीच गाडीत ठेवायला लावली. म्हटलं, आबा, ओझं कशाला, वर सगळं आहे.

यॉटवर चढणार तेवढ्यात नवऱ्याच्या एका मित्राची बायको म्हणाली, "थांबा, असं रिकाम्या हातानं कसं चढायचं?" ती आता माझीही मैत्रीण, मोठी उत्साही बाई. आमच्याकडे ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, मळणीयंत्र आलं, अगदी दुकानात नवा वजनकाटा आला तरी हळदीकुंकू आणि नारळ झाल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. तिनं पर्समधून हळदीची पुडी काढली, आपल्याकडचीच. कुंकू काढलं, नारळ काढला. जिथं उतरलो होतो तिथल्या आंब्याची पानं दोऱ्यात ओवून तिनं तोरणसुद्धा आणलं होतं. आणि सगळं माझ्या हातात दिलं. "बुकिंग तुमच्या नावाचं. आज मालकीण तुम्ही. तुमच्या हातानं होऊ द्या."

कॅप्टन हसला. एवढंच म्हणाला की नारळ पांढऱ्या डेकवर फोडू नका, धक्क्यावर फोडा. मी धक्क्यावर नारळ फोडला. आतल्या खोलीच्या दाराला तोरण बांधलं. त्या दाराला बोटभर उंच पट्टी होती, पाणी आत येऊ नये म्हणून असावी. तिला मी पाणी लावून हळदीची बोटं ओढली, वर कुंकवाचे ठिपके दिले, मधे स्वस्तिक काढलं. मैत्रीण म्हणाली, "उजवा पाय." मी उजवा पाय आत टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. त्या फोटोत मी खरंच मालकिणीसारखी दिसते. फोटोच्या कोपऱ्यात धक्क्यावर आबा उभे आहेत, हात जोडून. तेव्हा मला वाटलं, ते समुद्राला हात जोडताहेत.

बोट निघाली. नदीच्या मुखातून बाहेर पडून खुल्या पाण्यात आली. बाकी सगळे आतल्या गादीवर सावलीत बसले. आबा मागं डेकवर, उन्हात. मी म्हटलं, "आबा, आत सावली हाय." ते म्हणाले, "बरा हाय बाई इथं. वारं येऊन राहिलं."

हेच वाक्य ते माझ्या ओट्यावर बसून म्हणायचे. तरीही मी तांब्या काढला, फुलपात्र भरलं, त्यांच्यापुढं धरलं.

आबांनी फुलपात्राकडे पाहिलं. ओळखलं त्यांनी. मग मान हलवली.

"काहून आबा? तुमीच म्हणले ना, बोट कोणाचं घर नसतं."

"नव्हतं बाई," ते हळूच म्हणाले. "पर तू उंबऱ्याला हळद लावली ना. तोरण बांधलं. आता झालं तुझंच घर."

मी त्या हळदीच्या पट्टीकडे पाहिलं. पिवळी धमक, अजून ओली. आमच्या भागातली हळद, रंगाला कमी कशी असेल? ज्या दिवशी उंबरा नको होता त्या दिवशी मी बोटांनी उंबरा काढला होता, आणि तोही अख्ख्या समुद्रावर एवढाच एक. मला आधी स्वतःचा संताप आला, मग त्या उत्साही बाईचा, मग आबांचा. मी म्हटलं, "पुसून टाकते." ते म्हणाले, "लावलेली हळद पुसू न्हाई, माय." मी ते पाणी पुन्हा तांब्यात ओतलं.

मग ऊन चढलं. पोरं डॉल्फिन बघून नाचली, कॅप्टननं एका ठिकाणी नांगर टाकला, लाइफ जॅकेट घालून सगळी पाण्यात उतरली. बोट उभी राहिली की जास्त डुलते, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आबांना मळमळायला लागलं. दोनदा कठड्यावरून वाकून उलटी झाली. टोपी काढली तेव्हा कपाळ कोरडं पडलेलं दिसलं, घामसुद्धा येत नव्हता. ओठांवर पांढरी पापडी. मी खोबऱ्याचा तुकडा पुढं केला तर तोंड फिरवलं.

नवरा येऊन त्यांच्या पायाशी बसला. "मामा, औषध समजून दोन घोट घ्या."

"तुमाला तकलीफ नको जावईबापू. तुमी पोहा. मी हाय बराबर."

मैत्रीण आली. म्हणाली, "बाबा, माझ्या हातून घ्या." तिलाही तेच उत्तर. हात कोणाचा हा प्रश्नच नव्हता. बर्फाच्या पेटीतल्या बाटल्या जावयाच्या भाड्यातल्या, खलाशीही त्याच पेटीतलं पाणी पीत होता. घर माझं ठरल्यावर घरातलं सगळंच माझं झालं.

मी कॅप्टनला म्हटलं, परत चला. कॅप्टन बिचारा भला माणूस, पण म्हणाला की ताई, आत्ता ओहोटी आहे. नदीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा वर आलेला असतो, बोट रुतेल. भरतीचं पाणी चढेपर्यंत इथंच थांबायला लागेल. मला भरती-ओहोटी म्हणजे शाळेत पाठ केलेला एक धडा. त्या धड्यात, माणूस तहानेला असला तरी पाणी आपल्या वेळेनंच येतं, असं काही लिहिलेलं नव्हतं.

आता पोरांनाही कळलं, ती पुढच्या टोकाला जाऊन बसली. एवढं मोठं पाणी चारी बाजूंनी, मांडीवर भरलेला तांब्या, आणि माझा बाप तहानेनं डोळे मिटून बसलेला. मी पदर पसरून त्यांच्या डोक्यावर सावली धरली. हात भरून आला की दुसरा हात. दुसरं मी काही करू शकत नव्हते. रडूही शकत नव्हते, कारण रडले असते तर ते म्हणाले असते, बाई, माझ्यापायी तुझा दिस खराब झाला.

ते डोळे उघडेनात, तेव्हा मी घाबरले. आणि घाबरल्यावर, जे कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते माझ्या तोंडून गेलं.

"आबा, लेकरू व्हणार न्हाई."

त्यांनी डोळे उघडले.

"नांदेडच्या डॉक्टरनं दिवाळीतच सांगितलं. आमी बंद केलं सगळं. गोळ्या, सुया, सगळं. आता काही व्हणार न्हाई आबा. मग तुमी कवापर्यंत थांबणार?"

मला वाटलं, डॉक्टर बदल म्हणतील, कुठल्या तरी देवाचं नाव घेतील, अजून काय वय झालं म्हणतील. लोक जे म्हणतात ते. ते म्हणाले, "जावईबापू काय म्हंतेत?"

"तेच म्हणले, आता पुरं. तुला लई तरास झाला."

आबांनी मान हलवली. समुद्राकडे पाहिलं. मग तोंडातल्या तोंडात, जीभ कोरडी असल्यानं अडखळत, म्हणाले, "मला बी लई डाव वाटलं, पेवावं. तुझ्या दारात बसून घसा सुकायचा. तुझी माय म्हणायची, आपुन पाणी पेलो की लेकीला वाटल, मायबापानंच आस सोडली. लोक सोडू दे, आपुन नको सोडू. म्हणून न्हाई पेलो बाई. वाट पाहून राहिलो व्हतो."

मी अकरा वर्षं खिडकीतून बघत होते आणि मला वाटत होतं, रीत पाळताहेत. अडाणी आहेत, हट्टी आहेत, लोकांना भितात. कितीदा मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलले होते. आणि ही दोन माणसं, एक बाटली पिशवीत घेऊन, एक कोपऱ्यावर पोट भरून, माझ्यासाठी आशा धरून बसली होती. आई तर ती धरूनच गेली.

"आण," आबा म्हणाले. "आण तो तांब्या."

मी फुलपात्र भरलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि प्यायले. सावकाश, अर्ध्यात न थांबता, सगळं.

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. आणि ते पाणी त्यांच्या गळ्यातून खाली उतरताना बघून मला वाटलं, हात धरावा, फुलपात्र काढून घ्यावं, म्हणावं, थांबा आबा, एवढ्यात नका पिऊ, अजून एखाद्या डॉक्टरला दाखवते. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मी रडले नव्हते. कागदावर सही केली, रिक्षा केली, घरी येऊन भाकरी टाकल्या. खरं संपलं ते त्या डेकवर, भर उन्हात, त्या एका फुलपात्रात. माझ्यासाठी वाट बघणारं आता जगात कुणी उरलं नाही, असं मला वाटलं. आणि मी दुसऱ्यांदा फुलपात्र भरलं, कारण त्यांना तहान होती.

तेवढ्यात नवऱ्यानं पाहिलं. त्यानं आनंदानं मित्राला सांगितलं, मामांनी पाणी घेतलं. मग सगळे मागं आले. मैत्रिणीनं खरंच टाळ्या वाजवल्या, पोरांनीही वाजवल्या. ती म्हणाली, "बघा, समुद्रानं तोडला की नाही नेम." कुणीतरी फोटो काढला. आबा त्या फोटोत हसताहेत, म्हणजे ओठ तसे केलेत. आबा आणि मी काय बोललो ते आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही. मी दशम्यांचा डबा उघडला. आबांनी उंबरा ओलांडला, हळदीला पाय लागू न देता, आणि आत सावलीत येऊन जेवले. भरती आल्यावर बोट नदीत शिरली.

गोव्याहून आल्यावर पुढच्या मोंढ्याच्या दिवशी मी खिडकीत उभी राहिले. आबा कोपऱ्यावर आले. हॉटेलवाल्यानं सवयीनं ग्लास भरून बाकावर ठेवला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलले आणि तसेच पुढं आले. ओट्यावर थांबले नाहीत. चपला काढल्या, आत आले, नवऱ्याच्या खुर्चीत बसले. "पाणी आण बाई," म्हणाले.

मी तांब्या-फुलपात्र घेऊन बाहेर आले, तर दारात शेजारची म्हातारी उभी. ही बाई माझ्या लग्नापासून आबांना ओट्यावरच बघत आलेली. आबांना आत बसलेलं तिनं पाहिलं, माझ्या हातातलं पाणी पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. पुढं काय विचारणार हे मला तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी पाणी पितो याचा दुसरा अर्थच होत नाही. इतक्या वर्षांत मी बायकांच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं शिकले होते, पण असला आनंद घेऊन आलेल्या बाईला काय सांगायचं ते शिकले नव्हते.

तिनं मला नाही, आबांनाच विचारलं. "पाणी घेऊन राहिले बाबा. काही गोड बातमी हाय म्हणावं का?"

आबांनी माझ्या हातातून फुलपात्र घेतलं. शांतपणे प्याले. मिशा पुसल्या.

"तहान लागली व्हती," ते म्हणाले, आणि रिकामं फुलपात्र पुन्हा माझ्यापुढं धरलं.